पालीच्या साडूंनी पाणी सोडलं

॥ श्री ॥

मुक्काम भोर, श्रावण शुद्ध नवमी, शके १८५९

राजमान्य राजश्री चिमाजीराव, मुक्काम पाली, यांच्या चरणी धाकटा साडू सावळाराम गिरणीवाला याचा नमस्कार. (दातओठ खाऊन करायचा होता, पण श्रावण आहे, म्हणून साधाच करतो.) इकडं सर्व खुशाल. तुमच्या मेहुणीची प्रकृती उत्तम, आवाज त्याहून उत्तम. गिरणीचं इंजिन ओल्या हवेनं जरा खोकतं, पण चालतं, माझंही तसंच. तुमची उजवीकडची दाढ आता कशी आहे? सूज उतरली का? लवंग धरीत जा. सखूआक्कांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. आता तुमच्या दाढेचं मला इथं भोरात बसून कसं कळलं, असं तुमच्या मनात आलं असेल. तेच सांगायला बसलो आहे. आणि तोंडी निरोप न धाडता कागदावर लिहितो आहे, कारण तोंडी निरोपापायी या पावसाळ्यात माझं जे झालं ते वैऱ्याचंही होऊ नये.

तुम्हाला कल्पना नसेल, पण माझ्या देव्हाऱ्यात देव पाच आणि सहावे तुम्ही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकोणीस वर्षं मी तुमच्याशी ताडून पाहिला जातोय. मी बारीक सुताचं धोतर आणलं तर 'पालीचे दाजी जाडंभरडंच नेसतात.' जाडंभरडं आणलं तर 'दाजींना ते शोभतं.' दोन सख्ख्या बहिणी दोन घरांत दिल्या की त्यांचे नवरे तराजूच्या दोन पारड्यांत बसतात, ही जगाची रीतच आहे. पण आमच्या तराजूचं दुसरं पारडं तिकडं राजगडाच्या पायथ्याला. त्यात काय ठेवलंय ते इथून दिसत नाही, नुसतं जड आहे एवढं कळतं. आणि तिकडची खबर आणणार कोण, तर बिरू धनगर. वेल्ह्याच्या माळांवरून मेंढरं फिरवत तो तुमच्या ओसरीवर एखादी रात्र टेकतो आणि घोंगड्या घेऊन भोरच्या बाजाराला आला की आमच्याकडं चहाला बसतो. बिरू खोटं बोलत नाही. (खोटं बोलायला जेवढे शब्द लागतात तेवढे तो खर्चतच नाही.) तो चार शब्द टाकतो, उरलेले चाळीस तुमची मेहुणी घालते.

गैरसमज नको. माणसाच्या पुढं चालणारं कुणीतरी असावं लागतं, हे मला कबूल आहे. मी काही आईच्या पोटातून गिरणी घेऊन आलो नाही. इथल्या पेठेत पाठीवर पोती वाहायचो तेव्हा रखमाजी नावाचा आमचा मुकादम होता. त्यानं उभ्या जन्मात कधी पोतं धाडकन टाकलं नाही. निजलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तसं खाली उतरवायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "लोकाचं धान्य हाय. आपटायचा हक्क आपल्याला न्हाई." एवढी एक गोष्ट मी त्याच्याकडून उचलली. व्यापाऱ्यांनी ती बघितली, माझ्यावर भरवसा टाकला, आणि त्या भरवशावर पुढं गिरणी उभी राहिली. (त्याच्या शिव्याही सोबत आल्या. कित्ता गिरवताना मास्तरांच्या अक्षराबरोबर त्यांच्या हाताची थरथरही उतरतेच. मी पंचविसाव्या वर्षी पाटी धरली ती एका म्हाताऱ्या मास्तरांपुढं, आणि माझा 'ळ' अजून त्यांच्यासारखा कापतो. वाचताना सांभाळून घ्या.) पण सांगायचं हे, की रखमाजी माझ्या डोळ्यांपुढं होता. त्याचं बरं दिसायचं तसं वाईटही दिसायचं, कुठलं घ्यायचं ते माझं मी ठरवायचो. तुमचं तसं नाही. तुम्ही बिरूच्या तोंडातून निघता, तुमच्या मेहुणीच्या कानात शिरता आणि थेट माझ्या ताटात येऊन पडता.

ज्येष्ठात पहिला घास पडला. बिरू म्हणाला होता, 'चिमाजीराव जेवताना बोलत न्हाईत.' झालं. अन्न हे पूर्णब्रह्म, त्यापुढं दाजी कसे मुकाट बसतात, आणि आमच्याकडं घासागणिक बाजारगप्पा. चिमाजीराव, मी बोलका माणूस. दिवसभर इंजिनाच्या धडधडीत माझं कुणाला ऐकू जात नाही (मला मात्र सगळ्यांचं ऐकू येतं, भात ओला आहे की वाळलेला हे मी चाळणीच्या आवाजावरून सांगतो, मग माणसांची काय कथा). जेवण हीच माझी बोलायची वेळ. तरी धरलं मौन. हातानं मीठ मागितलं तर भाकरी आली. भाकरी नको म्हणून हात हलवला तर आमटी आली. चौथ्या दिवशी वरवे गावचे एक जुने गिऱ्हाईक पंगतीला होते. त्यांनी मागल्या खेपेला तांदळात कणी फार निघाली म्हणून कुरकूर केली होती. मी बोलेना हे पाहून त्यांना वाटलं, सावळारामानं ते मनात धरलं. अर्ध्या ताटावरून उठून माझी माफी मागितली बिचाऱ्यांनी, आणि तेव्हापासून भात दुसरीकडं नेतात. मौनानं माणूस मोठा होतो म्हणतात. माझी गिरणी तेवढी लहान झाली.

पण हा नुसता चटका होता. फोड आषाढात आला. उत्रोलीचं आमचं ओढ्याकाठचं भाताचं खाचर तुम्ही पाहिलेलं आहे. वाटणी झाली तेव्हा मी म्हटलं ते माझं, धाकटा गेनू म्हणाला ते त्याचं. अकरा वर्षं मी त्याला ते लावू दिलं नाही, त्यानं मला लावू दिलं नाही. आंबेमोहोराची अव्वल जमीन, पण अकरा वर्षं त्यात नुसते बेडूक पिकले. गेनूचं माझं बोलणं बंद. आईच्या श्राद्धाला तो एका पंगतीला जेवायचा, मी दुसऱ्या. तुमचंही तुमच्या धाकट्या ज्ञानोबाशी अगदी अशाच एका ओढ्याकाठच्या खाचरावरून वाकडं आहे. (बहिणी सख्ख्या असल्या की नवऱ्यांची भांडणंही सख्खी निघतात की काय, देव जाणे.) तर आषाढातल्या एका बाजारी मी गिरणीत असताना बिरू घरी आला, चहा प्याला आणि घोंगडी झटकता झटकता बोलून गेला, "वड्याकाठचं खाचर. चिमाजीरावांनी पानी सोडलं."

मी जेवायला बसलो तेव्हा (मौन तोवर सुटलं होतं, गिऱ्हाइकाबरोबरच गेलं) तुमची मेहुणी वाढता वाढता हळूच म्हणाली, दाजींनी ओढ्याकाठच्या खाचरावर पाणी सोडलं. एवढंच. पण एवढं पुरे होतं. माझ्या हातातला घास हातात राहिला. पाणी सोडलं म्हणजे हक्क सोडला, नाव सोडलं, भावाला देऊन टाकलं! बांधाच्या दगडासाठी भावाच्या अंगावर कोयता घेऊन धावलेले तुम्ही, आणि तुम्ही पाणी सोडलं! मी म्हटलं, चांगलं झालं. ती म्हणाली, चांगलंच झालं. मग आठ दिवस घरात दुसरं काही नाही. भांडण नाही, रडणं नाही. नुसता सुस्कारा. भाकरी थापताना सुस्कारा, दिवा लावताना सुस्कारा. नवव्या दिवशी मीच चिडून विचारलं, माझ्यात काय कमी आहे ते एकदा सांग. तर भांडी विसळता विसळता, मान वर न करता म्हणाली, "सोडायला अंगात पानी असावं लागतं. ज्याच्यात न्हाई, त्यो काय सोडणार?"

चिमाजीराव, हमाली करताना मी पुष्कळांचं पुष्कळ ऐकलंय. हे एक वाक्य मात्र पाठीत बसलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, हातात तांब्या आणि तुळशीचं पान घेऊन मी उत्रोलीला गेलो. पाटलांना बोलावलं, चार जाणती माणसं बोलावली, गेनूला निरोप धाडला. धो धो पाऊस. खाचरात गुडघाभर पाणी, वरून पाणी, डोक्यावरच्या इरल्यातून पाणी, आणि त्या सगळ्यात मी तांब्यातलं पळीभर पाणी तळहातावरून सोडतोय आणि म्हणतोय, हे खाचर आजपासून गेनूचं, माझा काही संबंध नाही. कुणाला कळेचना की मी आलेलं पाणी काढतोय की आणखी घालतोय. मला वाटलं होतं, गेनू गहिवरेल. गेनू बांधावर उकिडवा बसला आणि माझ्याकडं संशयानं बघायला लागला. मग उठून खाचराला एक फेरी घातली. चारही कोपरे काठीनं चाचपले. पाटलांना बाजूला घेऊन विचारलं, की यावर सरकारातून काही नवीन हुकूम निघालाय का? (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, पावसातही ऐकू आलं.) मग म्हाताऱ्या एका गड्याला विचारलं, इथं कधी काही दिसतं-बिसतं का? त्याला पटेना की सावळाराम काही देतो म्हणजे नुसतं देतो. मला घाम फुटला. आयुष्यात मी घेण्यासाठी कुणाच्या विनवण्या केल्या नाहीत, आणि तिथं चिखलात उभा राहून 'बाबा रे, घे' म्हणून धाकट्या भावाच्या विनवण्या करत होतो.

शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. भलताच पडला. तो एकाएकी माझ्याजवळ आला, अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा हात धरला आणि म्हणाला, "दादा, खरं सांग. डागदर काय म्हनला?"

मी म्हटलं, कुठला डाक्टर? पण तो ऐकतो कशाला. असलं दान माणूस जाताना करतो, हे सगळ्या जगाला माहीत. त्यानं मला मिठी मारली आणि भर पावसात लहान पोरासारखा रडला. चार जाणती माणसंही डोळे पुसू लागली. मी धडधाकट आहे म्हणून जितकं ओरडून सांगावं तितकं ते माना हलवून म्हणायचे, व्हय व्हय, बरं वाटंल. (लपवू कशाला, खरं सांगतो, मलाही रडू आलं. कशाचं ते विचारू नका. अकरा वर्षांत तो किती वाळला आहे, ते मी जवळून पाहिलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी भोरात बातमी माझ्या आधी पोचलेली. गिरणीत इंजिनाच्या आवाजाआड लोक कुजबुजत होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. एक म्हणतो, महिनाभर. दुसरा म्हणतो, छे, नागपंचमी दिसायची नाही. ज्यांचा भात भरडायचा होता त्यांनी घाई करून आधी भरडून घेतला, गिरणी पुढं कोण चालवणार म्हणून. एका बाईनं माझ्यावरून मीठ ओवाळलं. तेव्हा मी सगळ्यांदेखत तांदळाचं भरलं पोतं पाठीवर घेतलं, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि हळूच खाली ठेवलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि मागून एकजण हळहळून म्हणाला, "इझताना दिवा असाच मोठा व्हतो."

गेनूचं तर विचारूच नका. रोज सकाळी उत्रोलीहून तांब्याभर दूध घेऊन येतो, मी जिवंत आहे का बघतो, पायरीवर बसतो, आणि मला ते सगळं संपवायला लावून मग जातो. आधी मला त्याचा संताप यायचा. मी म्हटलं, अरे, मला काही झालेलं नाही. तो म्हणतो, मग सोडलंस कशानं? तेव्हा मी त्याला तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, पालीच्या साडूंनी आपल्या भावासाठी पाणी सोडलं, ते ऐकून माझे डोळे उघडले. त्यानं तांब्यातलं उरलेलं दूध माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाला, असली मानसं हायती म्हनून जग चाललंय. आठवड्यात त्यानं खाचर नांगरलं, चिखलणी केली, आणि लावणीला मला बोलावलं. बेचाळीस वर्षांचा मी आणि अडतिसांचा तो, एका ओळीत वाकून रोपं लावली. कंबर अजून दुखते.

इथवर सगळं ठीक म्हणायचं. परवा बिरू आला. तुमची मेहुणी आत चहा करत होती, मी ओसरीवर. मी मोठ्या भक्तिभावानं विचारलं, काय बिरू, खाचर दिल्यावर ज्ञानोबा काय म्हणाला? बिरूनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, कसलं दिल्यावर? मी म्हटलं, अरे, चिमाजीरावांनी पाणी सोडलं ना? तो म्हणाला, "व्हय की. आडवा बांध फोडला, वड्याचं पानी वळिवलं, अन् दिलं सोडून. ज्ञानोबा काठावर बोंबलत हुता. तवर लावनी बी उरकली."

चिमाजीराव, मी पायरीवर बसलो. खाचरा*त* पाणी सोडलं! खाचरा*वर* नव्हे! बिरूनं बोलताना तेवढंच एक गाळलं होतं. 'त' आणि 'वर', या दोन चिमुकल्या शब्दशेपटांत माझी अर्ध्या एकराची आंबेमोहोराची जमीन गेली. तुम्ही भावाचं खाचर बळकावलंत, आणि त्या पराक्रमाचा कित्ता गिरवून मी माझं भावाला देऊन बसलो. मग मी भीत भीत विचारलं, आणि ते जेवताना न बोलण्याचं? तो म्हणाला, दाढ सुजली हुती त्यांची, तोंड कुठं उघडत हुतं. तेव्हा कळलं की माझं ते वरव्याचं गिऱ्हाईक तुमच्या दाढेनं खाल्लं.

असो. माझा राग आता पुष्कळ उतरला आहे. (या पत्राचे आधीचे दोन कागद फाडले, त्यात होता तेवढा गेला.) तुम्ही तुमच्या जागी बरोबरच असाल, मी तिथं असतो तर मीही बांध फोडला असता. पत्रास कारण एवढंच, की खुशाली कळवावी आणि तब्येतीची चौकशी करावी. गिरणीतला सोनबा उद्या वेल्ह्याकडं जातो आहे, त्याच्या हाती देतो. लोभ आहेच, एवढं होऊनही आहे, यातच सगळं समजा.

तुमचा
सावळाराम

ता. क. : एक बारीकसं काम राहिलं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पालीला येत आहोत. आम्ही म्हणजे तुमची मेहुणी, मी आणि गेनू. ज्या माणसामुळं दादाला बुद्धी झाली त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, असं गेनूनं ठरवलं आहे आणि तो ऐकत नाही. त्याला ज्ञानोबालाही भेटायचं आहे. दोघे धाकटे भाऊ, बोलतील सुखदुःखाचं. आता तिथं आल्यावर ज्ञानोबा त्याला काय सांगेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. खरं कळलं की गेनू ते खाचर उचलून माझ्या दारात आणून टाकील, चुकून मिळालेलं घेणारा तो नव्हे. खाचराचं मला काही नाही. पण मग तो सकाळचा यायचा बंद होईल, आणि मला त्या पायरीवर तो दिसायची सवय झाली आहे. तेव्हा पौर्णिमेच्या आत ज्ञानोबाला बोलवा, पाटलांना बोलवा, तांब्या घ्या, तुळशीचं पान घ्या आणि सोडून मोकळे व्हा. लावणी झालेलीच आहे, उभ्या भातासकट द्या, जास्त शोभेल. जन्मात कधी केली नाही ती थोरवी तुमच्या नावावर महिनाभर आधीपासून जमा आहे, तुम्ही फक्त मागाहून करायची. बिरूला मी गप्प राहायला सांगितलं आहे, आणि ते त्याला जमतं.

ता. क. दुसरा : मला लिहिताना तोंडानं म्हटल्याशिवाय अक्षर उमटत नाही, हे मी विसरलो. तुमची मेहुणी आत चुलीपुढं होती, तिनं पहिल्यापासून सगळं ऐकलं. वरचा ता. क. संपला तशी आतूनच म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "भाताच्या गावात वाढले मी. आषाढात खाचर म्हटल्यावर पानी सोडलं म्हंजे काय, येवढं कळत न्हाई व्हय मला?" मी म्हटलं, मग मला 'वर' म्हणून का सांगितलंस? तर म्हणाली, "मी सोडा म्हनले असते, तुमी सोडलं असतं? अकरा वरसं म्हनतच हुते. दाजींचं नाव घेतलं, दहाव्या दिशी सोडलंत." यावर काय बोलावं ते तुम्हाला सुचलं तर कळवा.

आणखी एक, आणि मग खरंच थांबतो. परवाच्या बिरूबरोबर तिनं थोरल्या बहिणीला, सखूआक्कांना, निरोप दिला आहे: उत्रोलीच्या खाचरावर आमच्या ह्यांनी पाणी सोडलं, सगळ्या गावादेखत, धाकट्या भावासाठी, दाजींचं कधी? (यात काहीही गाळलेलं नाही. तिनं बिरूकडून तीनदा म्हणवून घेतलं.) बिरू सोनबाच्या आधी पोचतो. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा सखूआक्का समोरच उभ्या असतील. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि तांब्या कुठं ठेवलाय ते विचारा.